मौनात ऐकायचे पाच अल्बम

प्रिय धाकटे,

तुझं ऑपरेशन येत्या मंगळवारी सकाळी आहे आणि त्यानंतर पंधरा दिवस तुला चकार शब्द काढायचा नाही, हे तुझ्या नवऱ्याने मला सांगितलं. कुजबुजायचंही नाही, कारण कुजबुजण्याने म्हणे गळ्याला बोलण्यापेक्षा जास्त त्रास होतो. हे ऐकून मला आधी काय वाटलं ते सांगून टाकते, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवा. मला वाटलं, चला, त्या घरातल्या भिंतींना पंधरा दिवसांची पगारी रजा मिळाली. मग त्याने तुझा निरोप दिला. ताईला म्हणावं, वर्ष संपलंय, यंदाच्या आवडत्या अल्बमांचं पत्र लवकर पाठव, पडल्या पडल्या ऐकेन, यंदा खरंच ऐकेन. त्या ‘यंदा खरंच’ची मला गंमत वाटली. तू लग्न होऊन गेलीस तेव्हापासून दर वर्षाअखेर मी तुला हे पत्र लिहिते आणि दर वर्षी तू फोन करून ‘काय निवडतेस गं ताई’ म्हणतेस. मागच्या वर्षी मी त्यात एक असा अल्बम घातला होता जो कुणी काढलेलाच नाही. नाव मी बनवलं, वादक मी बनवले, तिसऱ्या गाण्यातल्या बासरीचं वर्णनही माझंच. तू म्हणालीस, ती बासरी ऐकून डोळ्यांत पाणी आलं. मला ते पुढे वर्षभर पुरलं.

यंदाचे पाचही अल्बम खरे आहेत. नेहमीसारखे दहा का नाहीत, तर दहा अल्बम ऐकून होईपर्यंत तू गप्प राहशील यावर माझा विश्वास नाही, हे एक. आणि दुसरं, यंदा माझं ऐकण्याचं तंत्र बिघडलं. एकच गाणं इतक्यांदा ऐकलं की बाकीच्यांना वेळ उरला नाही. तू पत्र हातात आलं की शेवटाकडून वाचायला घेतेस, तुझं नाव कुठे आहे ते शोधतेस, हे मला पाठ आहे. यंदा एकदाच माझं ऐक आणि वरून खाली वाच.

माझी पद्धत तीच आहे. नवा अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत एका बैठकीत ऐकायचा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचा, जमिनीवर आडवं व्हायचं, डोक्याखाली उशी घ्यायची नाही. आता हे सगळं आईच्या खोलीत करते. तिची खाट काढून टाकली आणि त्या जागी स्पीकर आले. खालच्या मजल्यावरच्या बाई तक्रार करतात, पण त्या आई कण्हायची त्याचीही करायच्या. ऑफिसातही दिवसभर हेडफोनच. लोकांच्या बैठकांचं रेकॉर्डिंग ऐकायचं आणि टाइप करायचं, पायाखाली एक पट्टी असते, ती दाबली की आवाज चार शब्द मागे जातो. इतकी वर्षं हे केल्यावर मी माणसं आवाजावरून ओळखत नाही, श्वासावरून ओळखते. आवाज सर्दीने बदलतो, वयाने बदलतो. श्वास घ्यायची जागा बदलत नाही. मोठे साहेब खोटं बोलण्याआधी कसा श्वास घेतात यावर मी पुस्तक लिहू शकेन, पण ते टाइप कोण करणार.

पाचव्या नंबरवर ‘रिकामा मजला’. चार जणांनी मिळून केलेला, नुसत्या यंत्रांचा आवाज, लिफ्ट चालू-बंद झाल्यासारखा. पहिल्या ऐकण्यात मला वाटलं की कुणीतरी फ्रिज रेकॉर्ड केलाय. तिसऱ्या ऐकण्यात तो फ्रिज आवडायला लागला. त्यात कुणीच गात नाही, हा त्याचा मोठा गुण. यंदा मला असे अल्बम फार बरे वाटले. तुला तो कंटाळवाणा वाटेल, कारण तुला गाण्यात कुणीतरी टाळी घ्यावी असं वाटतं. तरी ऐक. ऑपरेशननंतरचा पहिला दिवस गुंगीतच जाणार आहे, त्यात तो खपून जाईल.

चौथा ‘चार सूर’. ही बाई सत्तरीची आहे. तरुणपणी तिचा आवाज म्हणे तीन मजले चढायचा. मग गळ्यावर शस्त्रक्रिया झाली आणि उरले ते चार सूर, असं तिनेच कव्हरवर लिहिलंय. तेवढ्यातच ती पूर्ण अल्बम गायली आहे. पाचवा सूर जिथे यायला हवा तिथे ती थांबते, आणि वाद्यंही थांबतात. ऐकणाऱ्यांची चैन आहे. मी तीनदा ऐकला आणि तिन्ही वेळा अंगावर काटा आला. तिला कसं वाटत असेल हे काही मी तिला विचारलं नाही, कुणीच विचारलं नसेल. तुझा नवरा म्हणाला की तुझ्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं, तर थोडी लाली आणि थोडा जाडपणा दिसला, गाणाऱ्या बहुतेकांच्या गळ्यात दिसतो तेवढाच. विश्रांतीनेही जाईल, म्हणाले. काढायचाच असेल तर काढू, पण आवाज नंतर थोडा वेगळा लागू शकतो, किती ते आधी सांगता येत नाही. आणि तू म्हणालीस, काढा. का, तर तुझ्या यंदाच्या अल्बममधलं सहावं गाणं स्टेजवर लागत नाही. रेकॉर्डिंगमध्ये लागलेलं गाणं वर्षभर एकदाही लागलं नाही, म्हणजे गळ्यात काहीतरी बिघडलंय, एवढाच तुझा हिशेब. ‘चार सूर’ तू ऑपरेशनच्या आधी ऐकलास तरी चालेल.

तिसऱ्या नंबरवर दोन सख्खे भाऊ आहेत. एक ड्रम वाजवतो, दुसरा ट्रम्पेट. दोघांचं अनेक वर्षं बोलणं नाही. एकाने आपलं वाजवून पाठवायचं, दुसऱ्याने त्यावर वाजवून परत पाठवायचं, असा सगळा अल्बम झाला. नाव ‘पोच’. समीक्षकांनी लिहिलं की हा संगीतातून झालेला समेट आहे. कसला समेट? पाचव्या तुकड्यात ट्रम्पेटवाला जिथे हळू वाजवतोय तिथे मुद्दाम ड्रमवाल्याने झांजा आपटल्या आहेत. दोघं एकमेकांचा गळा धरून आहेत आणि ताल मात्र सुटत नाही. मला फार हसू आलं. आपल्या घरात भांडणं झालीच नाहीत, हे बरं झालं की वाईट, कुणास ठाऊक. आईने भांडायला जागाच ठेवली नव्हती. जेवणाच्या टेबलावर तळहाताने ताल धरून ती आपल्या दोघींना शिकवायची, ते किती महिने चाललं असेल? एक दिवस तिने मला सांगितलं की उद्यापासून तू समोर बस आणि धाकटी कुठे चुकते ते ऐक. झालं, वाटणी झाली. धाकटीने गायचं, थोरलीने ऐकायचं. पाहुण्यांनाही ती हेच सांगायची, ही गाते आणि हिचा कान चांगला आहे. कान चांगला असलेल्या मुलीला कुणी टाळ्या वाजवल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

दुसरा अल्बम एका मुलीचा आहे, कपडे धुण्याच्या दुकानात मागच्या खोलीत केलेला. तिथे ती काम करते. नाव ‘पिळा’. एका गाण्याच्या मध्यावर भिंतीपलीकडचं मशीन कपडे पिळायला लागतं, घरघर वाढत जाते, आणि ती न थांबता आपली लय त्याच्याबरोबर वाढवत नेते. शेवटी मशीन थांबतं आणि ती एकटी उरते, धापा टाकत. कुणीही शहाण्या माणसाने ते गाणं पुन्हा रेकॉर्ड केलं असतं. तिने तसंच राहू दिलं. तुझ्या नवऱ्यालाही मी हे ऐकवलं, तो परवा आला होता तेव्हा. तो म्हणाला, ताई, चूक राहू द्यायलाही हिंमत लागते. तो बिचारा तसा भला माणूस आहे, मला कधी ताईशिवाय हाक मारत नाही, आणि नळ गळतोय हे दिसल्यावर न सांगता पान्हा मागून दुरुस्त करतो. माझा राग त्याच्यावरही होता वर्षभर. आता त्याच्यावर नाही.

आता तू बेचैन झाली असशील. चार नंबर झाले आणि तुझ्या अल्बमचं नाव नाही. वर्षातला सगळ्यात गाजलेला अल्बम, दोन पुरस्कार, विमानतळावर लोक थांबवतात, आणि सख्खी बहीण कोपऱ्यात बसून धुलाई मशीनची घरघर निवडते. थांब, येते तिकडे. ‘परतीचं सामान’ मी तीनदा ऐकला, नियमाप्रमाणे, उशी न घेता. नऊ गाणी आहेत. त्यातली आठ छान आहेत. छान हा शब्द मी जपून वापरला आहे. सूर सरळ, शब्द स्वच्छ, श्वास ओळीच्या शेवटी, जिथे आईने सांगितला तिथे. पहिल्या गाण्यात तू विरहाने तळमळतेस, तिसऱ्यात आनंदाने नाचतेस, आणि दोन्हीकडे तुझा आवाज इस्त्री केलेला आहे. चौथ्या गाण्याच्या शेवटी जी लांबलचक तान आहे ती ऐकून मला शाळेतली ती मुलगी आठवली, जी धावण्याच्या शर्यतीत रेषा ओलांडल्यावरही लोक बघतायत म्हणून पळत राहायची. ती मुलगी तूच होतीस. आठही गाण्यांत एक जागा अशी नाही जिथे तुझं काही पणाला लागलंय. हे तुला आजवर कुणी सांगितलं नाही, कारण त्यांना तुझ्याकडे काम असतं. मला नाही.

सहावं गाणं वेगळं आहे. आईच्या रिकाम्या खाटेशी बोलणारी मुलगी, नळ बंद केला, चावी खिळ्याला लावली, दिवा राहू दिलाय, असं साधं साधं सांगत राहते. याच गाण्यावर तुझं सगळं वर्ष उभं आहे. याच गाण्याबद्दल सगळ्यांनी लिहिलं. एकाने तर त्यातल्या एका श्वासावर अर्धं पान लिहिलं, ‘दिवा’ या शब्दाच्या मध्येच गायिकेचा श्वास तुटतो आणि तिथे ऐकणाऱ्याचंही काहीतरी तुटतं, वगैरे. मी पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा जमिनीवरून उठून बसले. नियम मोडला. शब्दाच्या पोटात श्वास घेणारी या घरात एकच मुलगी होती, आणि त्यापायी तिला टेबलावरून उठवून समोर बसवलं गेलं होतं. आई म्हणायची, चोरासारखा श्वास घेतेस, मेलं कुठेही शिरतेस. तू आयुष्यात कधी तसा श्वास घेतला नाहीस, तुझी छाती बैलासारखी आहे. हातच्या काकणाला आरसा कशाला? ते गाणं मी गायलेलं आहे.

तुला ते रेकॉर्डिंग आठवायचं कारण नाही, तू नव्हतीसच. दौऱ्यावर होतीस. वादकांच्या तारखा मिळाल्या होत्या आणि त्यांना वाजवायला समोर कुणाचातरी आवाज हवा होता, मागाहून पुसून टाकायचा, डमी. तुझ्या नवऱ्याचा मला नेहमीप्रमाणे फोन आला. तुझ्या सगळ्या अल्बमांच्या डमी मीच गायल्या आहेत, कारण आपली पट्टी एक आणि फोनवर बाबांनाही आपला आवाज वेगळा ओळखू यायचा नाही. तुझा गळा जपायचा म्हणून माझा वापरायचा, हे इतकी वर्षं चाललं, त्यात मला काही वाटत नव्हतं. त्या दिवशी खालच्या बाई तासभर आईजवळ बसायला तयार झाल्या होत्या, कपाळाला आठ्या घालूनच. मी धावत त्या तळघरातल्या स्टुडिओत गेले. वर बुटांचं दुकान, कुणी बूट घालून चालून पाहिलं की खाली ठकठक, म्हणून थांबायचं, मग पुन्हा. रिकाम्या खाटेचं गाणं होतं आणि इकडे घरी खाट भरलेली होती. मी शब्दांकडे पाहिलंही नाही नीट. मला गाणं संपवून घरी जायचं होतं आणि तिची चादर बदलायची होती. एकदाच गायले, पर्स खांद्यालाच होती. पुढे दोन आठवड्यांनी आई गेली, तू आलीस, दुसऱ्याच दिवशी स्टुडिओत गेलीस आणि रडत रडत ते गाणं गायलीस. मग त्या महिन्यात ते किती वेळा गायलीस ते तुलाच माहीत.

तुझे अल्बम रेकॉर्ड करायची तुझ्या नवऱ्याची रीत तू मुलाखतींमध्ये इतक्यांदा सांगितलीस की ती आता आमच्या दूधवाल्यालाही माहीत असेल. गाणं जितक्यांदा गायलं जातं तितके टेक, आणि तो प्रत्येक टेकला फक्त नंबर देतो. निवडताना डोळे मिटून बसतो, एकेक ओळ सगळ्या टेकमधून ऐकतो आणि कानाला जी पटेल ती उचलतो. नंबर पाहिला की मन लबाडी करतं, असं त्याचं म्हणणं. आणि तो कौतुकाने सांगतो की सहाव्या गाण्यात चमत्कार झाला, डोळे उघडून पाहिलं तर प्रत्येक ओळ एकाच टेकमधली निघाली, एक नंबरच्या. तिने पहिल्याच टेकमध्ये जीव ओतला होता, पुढचे सगळे टेक वाया. हे मी मासिकात वाचलं तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला वाटलं, काय ही माणसं. माझा आवाज उचलला, वर गोष्ट रचली, आणि छापूनही आणली. तू मला पहिल्या रांगेत बसवलंस त्या कार्यक्रमात, आठवतं? तू माईक धरून म्हणालीस, हे गाणं मी आई गेल्यावर दुसऱ्या दिवशी गायले, आणि माझ्याकडे बोट करून म्हणालीस, माझी ताईही इथे आहे. लोकांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं, मीही डोळे पुसले, आता काय करणार. मग तू ते गाणं गायलीस आणि ‘दिवा’ शब्दाच्या मध्ये माझा श्वास घ्यायला गेलीस. तुला ठसका लागला. खरं सांगते, मला इतका आनंद झाला की घरी जाताना मी रिक्षावाल्याला सुटे परत मागितले नाहीत. नाचता येईना अंगण वाकडं, म्हटलं. चोरीचा माल अंगाला बसत नाहीये. तू गरम पाणी पीत राहिलीस, मध चाटत राहिलीस, त्या एका श्वासासाठी गळा खरवडत राहिलीस, आणि मी वर्षभर वाट पाहिली की तुम्हा दोघांपैकी कधी एक जण येऊन कबूल करतो.

परवा तुझा नवरा आला. मला वाटलं, आला कबूल करायला. स्वयंपाकघरात स्टुलावर बसला, चहा घेतला, ऑपरेशनचं सांगितलं, आणि मग खिशातून फोन काढून सहावं गाणं लावलं. म्हणाला, ताई, तुमचा कान माझ्यापेक्षा चांगला आहे. या श्वासात ती नक्की काय करते, ते मला सांगा. तिला स्वतःला आठवत नाही. मला कळलं तर मी डॉक्टरांना सांगेन, त्यांना उपयोग होईल. आणि त्याने डोळे मिटले. माझ्यापासून दोन हातांवर बसून तो मला ऐकत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की याला काही माहीतच नाही. डमी पुसायची राहून गेली. आईचे दिवस होते, तो धावपळीत होता, आणि माझ्या डमीला जो एक नंबर होता तो एकच राहिला. तुझा रडण्याचा टेक दुसरा. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, त्यातली गत. मी वर्षभर तुम्हाला चोर समजत होते. चोर असतात तर बरं झालं असतं गं. चोराला निदान माहीत असतं की वस्तू कुणाची आहे. तू ते गाणं शेकडो वेळा ऐकलंस, एकाच खोलीत वाढलेल्या बहिणीचा श्वास, आणि तुला एकदाही वाटलं नाही की हा आपला नाही. तुला ते इतकं छान वाटलं की ते तुझंच असणार, दुसरं कुणाचं असेल अशी शंकाच आली नाही. याचा मला चोरीपेक्षा जास्त राग आला.

मी त्याला काही सांगितलं नाही. म्हटलं, विचार करून सांगते. तो गळका नळ दुरुस्त करून, पान्हा धुऊन जागेवर ठेवून गेला. त्यानंतर आजपर्यंत मी गप्प बसून पाहिलं, आणि तुला सांगते, जमत होतं. ऑफिसात गेले, टाइप केलं, घरी येऊन ‘चार सूर’ पुन्हा ऐकला. मंगळवार असाच गेला असता. तुझा आवाज बरा राहिला असता किंवा राहिला नसता, आणि मी तुला भेटायला फळं घेऊन आले असते. पण काल ‘चार सूर’मध्ये ती बाई पाचव्या सुराशी थांबली आणि मला त्या जागी तू दिसलीस, टेबलाशी उभी, तोंड उघडलेलं आणि आवाज नाही. मी अल्बम बंद केला. म्हणून हे पत्र. यंदाचा पहिला नंबर सहाव्या गाण्याला, अल्बमला नाही, आणि तो मी मलाच दिलाय, कारण दुसरं कुणी देणार नाही. ते तुझ्याच नावावर राहू दे, मला स्टेजवर चढायचं नाही आणि लोकांना सांगायचंही नाही. पण कार्यक्रमातून ते काढून टाक. खात्री करायची असेल तर नवऱ्याला सांग, एकदा डोळे उघडे ठेवून एक नंबरच्या टेकची तारीख बघ. त्या दिवशी आई जिवंत होती आणि तू दौऱ्यावर होतीस. मग डॉक्टरांना कळव की तू मंगळवारी येत नाहीस, आजच कळव, उद्यावर टाकू नकोस. तुझा गळा ठणठणीत आहे. तुला ते गाणं येत नाही, एवढंच.

तुझीच,
ताई